कांद्याच्या पट्टीपासून राज्यसभेतील एका मतापर्यंत

पुण्याच्या पश्चिमेकडून उत्तरेकडे वळसा घेत गेलेल्या औद्योगिक पट्ट्याच्या एका टोकाला मुळशी तालुक्यातील माण हे गाव आहे आणि दुसऱ्या टोकाला खेड तालुक्यातील चाकणची बाजारपेठ. शेतकऱ्याच्या मालमत्तेवर सरकारचा हात कुठवर पोहोचावा, हा प्रश्न या दोन टोकांमधल्या मुलखाला शंभर वर्षांहून अधिक काळ पुन्हापुन्हा पडत आला आहे. टाटांच्या वीज कंपनीच्या धरणासाठी सरकारने १८९४ च्या भूसंपादन कायद्याने मावळातील गावांची जमीन घ्यायला काढली, तेव्हा सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ च्या रामनवमीला मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. त्याच तालुक्यातील माण आणि शेजारच्या हिंजवडीच्या शिवारावर पुढे माहिती तंत्रज्ञान उद्यान उभे राहिले ते महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम, १९६१ या कायद्यान्वये संपादित केलेल्या जमिनीवर. मधल्या काळात जमिनीइतकाच महत्त्वाचा असा दुसरा प्रश्न चाकणला उभा राहिला: जमीन शेतकऱ्याची राहिली, पण तिच्यातून निघालेला माल कोणाला, कुठे आणि कोणत्या भावाने विकायचा हे ठरवण्याचा अधिकार त्याचा नसेल, तर ती मालकी कितपत खरी मानायची? हा प्रश्न शरद जोशी यांनी १९७८ च्या सुमारास मांडला आणि त्याचे जे उत्तर त्यांना सापडले ते पुढे तीस-बत्तीस वर्षे, अनुयायी गमावण्याची किंमत देऊनही, सोडले नाही.

शरद अनंतराव जोशी यांचा जन्म ३ सप्टेंबर १९३५ रोजी साताऱ्याला झाला. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयातून वाणिज्य शाखेची पदव्युत्तर पदवी घेतल्यावर ते भारतीय टपाल सेवेत दाखल झाले, आणि १९६८ पासून स्वित्झर्लंडमधील बर्न येथे जागतिक टपाल संघटनेत अधिकारी म्हणून काम करू लागले. संयुक्त राष्ट्रसंघाच्या परिवारातली ही नोकरी पगाराने आणि प्रतिष्ठेने अनेकांनी आयुष्यभर धरून ठेवावी अशी होती. ती सोडून ते १९७६-७७ मध्ये भारतात परतले आणि चाकणजवळच्या आंबेठाण गावी त्यांनी सुमारे तेवीस एकर कोरडवाहू जमीन घेतली. या शेताला पुढे ‘अंगारमळा’ हे नाव मिळाले. शेतकऱ्यांच्या दारिद्र्याचे कारण पुस्तकात न शोधता स्वतः शेती करून शोधायचे असे त्यांनी ठरवले होते. आकडेवारीत मुरलेला हा माणूस बियाण्यापासून मजुरीपर्यंतचा प्रत्येक खर्च मांडून ठेवत असे, आणि पुढच्या विचाराचा पाया या जमाखर्चात घातला गेला.

त्या जमाखर्चात शेतकऱ्याच्या परिचयाचा एक कागद येतो, ज्याला बाजार समितीच्या भाषेत ‘पट्टी’ म्हणतात. माल आडत्याकडे, म्हणजे कमिशनवर लिलाव करून देणाऱ्या व्यापाऱ्याकडे, उतरवला, मापाड्याने तोलला आणि तो विकला गेला की आलेल्या रकमेतून आडत, हमाली, तोलाई आणि गाडीभाडे वजा होते व जी शिल्लक शेतकऱ्याच्या हाती पडते तिचा हिशेब या कागदावर असतो. भाव फारच पडलेला असेल तर ही शिल्लक उणे निघते, म्हणजे माल देऊन वर आडत्यालाच काही रुपये देणे लागते. या प्रकाराला शेतकरी ‘उलटी पट्टी’ म्हणतात. चार महिने राबून, गोणपाटाचे पैसेही स्वतः घालून, घरी जाताना एसटीच्या भाड्यासाठी ओळखीच्या माणसाकडे हात पसरावा लागणे हा अनुभव चाकणच्या आवारात कोणालाच नवा नव्हता. हा प्रकार दैवाचा किंवा व्यापाऱ्याच्या लबाडीचा न मानता सरकारी धोरणाचा परिणाम म्हणून वाचणे, हे मात्र नवे होते.

धोरणाचा हा धागा समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. स्वातंत्र्यानंतर नियोजनकर्त्यांनी औद्योगिकीकरणाला अग्रक्रम दिला, आणि शहरातील मजुरी व कच्चा माल स्वस्त राहायचा तर धान्य, ऊस, कापूस आणि कांदाही स्वस्त राहायला हवा, हे गणित त्यात उघडपणे किंवा आडून गृहीत धरलेले होते. १९५५ च्या आवश्यक वस्तू कायद्याने साठा, भाव आणि वाहतूक यांवर नियंत्रण घालण्याचे व्यापक अधिकार सरकारला दिले. ‘लेव्ही’ म्हणजे उत्पादनाचा ठरावीक हिस्सा सरकारी भावाने सक्तीने घालण्याची पद्धत ज्वारीला लागू झाली. महाराष्ट्रात १९७१ च्या कायद्याने कापसाची एकाधिकार खरेदी आली, म्हणजे राज्यातल्या शेतकऱ्याने कापूस सरकारी यंत्रणेलाच विकायचा आणि सीमेपलीकडे अधिक भाव असला तरी तिकडे न्यायचा नाही. उसाच्या ‘झोनबंदी’ने शेतकऱ्याला त्याच्या क्षेत्रातल्या ठरावीक साखर कारखान्याशी बांधून टाकले. कांद्याची निर्यात १९७४ पासून नाफेड या राष्ट्रीय सहकारी पणन महासंघाच्या हाती होती, आणि देशातले भाव चढले की ती थांबवण्याचा मार्ग सरकारला सदैव मोकळा होता. यातले प्रत्येक बंधन लावताना ग्राहकाचे, गरिबाचे किंवा खुद्द शेतकऱ्याचे हित पुढे केले गेले होते, हे नमूद केले पाहिजे. आणि हेतूवर शंका न घेता परिणामांकडे बोट दाखवणे हे जोशींच्या मांडणीचे बलस्थान होते.

१९७७-७८ च्या हंगामात निर्यात बंद झाली आणि चाकणला कांदा किलोला पंधरा-वीस पैशांच्या आसपास घसरला. जनता पक्षाच्या त्या सरकारात वाणिज्य व नागरी पुरवठा खाते पुण्याच्याच मोहन धारियांकडे होते. जोशींनी शेतकऱ्यांना एकत्र केले, नाफेडने खरेदीत उतरावे आणि निर्यात खुली व्हावी अशी मागणी लावून धरली, आणि नाफेडची खरेदी सुरू होताच बाजार सावरला. हा विजय छोटा होता, पण भाव वरून पाडला जातो आणि वरूनच उचललाही जाऊ शकतो, हे आवारात उभ्या असलेल्या माणसांना डोळ्यांनी दिसले. ९ ऑगस्ट १९७९ रोजी शेतकरी संघटना रीतसर स्थापन झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ‘वारकरी’ हे साप्ताहिक सुरू झाले. १९८० च्या जानेवारीत भामा नदीच्या खोऱ्यातले शेतकरी वांद्रे या डोंगराकडच्या गावापासून चाकणपर्यंत रस्त्याच्या मागणीसाठी चालत आले, आणि पुढच्या दोन महिन्यांत कांदा पुन्हा कोसळल्यावर पुणे-नाशिक महामार्गावर रास्ता रोको झाला व जोशींनी चाकणला उपोषण केले. छातीवरचा लाल बिल्ला आणि ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा या काळात घरोघरी पोहोचली.

त्यानंतर आंदोलन चाकणच्या बाहेर वणव्यासारखे पसरले. नोव्हेंबर १९८० मध्ये नाशिक जिल्ह्यात कांद्याबरोबर उसाला टनाला ३०० रुपये भाव मिळावा म्हणून रस्ते आणि रेल्वे अडवण्यात आली. खेरवाडी येथे गोळीबारात दोन शेतकरी बळी पडले, हजारोंना अटक झाली आणि अखेर मुख्यमंत्री अंतुले यांच्या सरकारला उसाच्या भावाची मागणी मान्य करावी लागली. सीमाभागातील निपाणीला तंबाखू उत्पादकांनी १९८१ च्या वसंतात पुणे-बंगळूर महामार्गावर आठवडेच्या आठवडे ठाण मांडले, आणि ६ एप्रिलच्या पोलीस गोळीबारात तेथे बारा माणसे मारली गेली. निपाणीची ही चळवळ मराठी-कानडी वादाने दुभंगलेल्या भागात भाषेचा प्रश्न बाजूला ठेवून उभी राहिली, ही गोष्ट त्या काळात विशेष होती.

येथे एका विसंगतीचा विचार करणे भाग आहे. बाजारातून सरकारने निघून जावे असे म्हणणारा नेता नाफेडच्या खरेदीसाठी उपोषण करतो आणि उसाला सरकारने ठरवलेला भाव मागतो, हे एकाच तत्त्वात कसे बसते, असा आक्षेप डाव्यांनी आणि उजव्यांनीही घेतला. जोशींचे उत्तर असे होते की सरकारने हात बांधून ठेवलेल्या माणसाने आधी हात सोडण्याची मागणी करावी, आणि ती मान्य होत नसेल तर बांधणाऱ्याकडूनच भरपाई मागावी. अनुदान आणि सवलती मात्र त्यांनी नाकारल्या, आणि कर्जाबाबतही ‘माफी’ हा शब्द न वापरता ‘मुक्ती’ हा शब्द वापरला, कारण पाडलेल्या भावामुळे झालेले कर्ज हे मुळात शेतकऱ्याचे देणेच नाही असा त्यांचा दावा होता. हे उत्तर तर्काला धरून आहे, पण आंदोलनात उतरलेल्या बहुसंख्यांनी ते तसे ऐकले असे म्हणता येत नाही. त्यांच्या कानात ‘भाव वाढवून मिळणार’ एवढेच पडले, आणि १९९० नंतरच्या फुटीचे बी तिथेच पेरले गेले होते.

‘भारत विरुद्ध इंडिया’ ही जोशींची मांडणीही याच काळात रूढ झाली. इंग्रजांनी केलेली कच्च्या मालाची लूट देशांतर्गत रूपात चालू राहिली असून ती भोगणारा ‘भारत’ खेड्यांत तसा शहरांच्या झोपडपट्टीतही आहे, असा तिचा आशय होता. ती केवळ खेडे आणि शहर यांची भांडाभांडी नव्हती. रेषा आखली होती ती सरकारी संरक्षण मिळणारे आणि त्याचा भार वाहणारे यांच्यामध्ये. सरकार प्रश्न सोडवत नाही, सरकार हाच प्रश्न आहे, या आशयाचे त्यांचे हिंदी वाक्य पुढे सभांमधून वारंवार ऐकू येऊ लागले.

स्वातंत्र्याचा हा विचार शेताच्या बांधावर थांबला नाही, तो घराच्या उंबऱ्याच्या आतही आला. ९ आणि १० नोव्हेंबर १९८६ रोजी नाशिक जिल्ह्यातील चांदवड येथे भरलेल्या शेतकरी महिलांच्या अधिवेशनाला लाखाहून अधिक स्त्रिया आल्या होत्या. त्यातून पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’ हा कार्यक्रम निघाला: शेतकऱ्याने आपल्या हयातीत, कोर्टकज्जाशिवाय, जमिनीचा काही हिस्सा पत्नीच्या नावे करायचा, म्हणजे सातबाऱ्यावर तिचे नाव लागायचे, आणि गावातील शंभर घरांनी तसे केले की ते गाव लक्ष्मीमुक्त म्हणवले जायचे. त्यासाठी कायदा मागितला गेला नाही, अनुदान मागितले गेले नाही. आपण सरकारकडे ज्या न्यायाची मागणी करतो तोच न्याय आधी आपल्या घरात करा, असे पुरुषांना सांगितले गेले, आणि मराठवाडा-विदर्भातल्या अनेक गावांनी ते ऐकले. मालमत्ता हा व्यक्तीच्या स्वातंत्र्याचा आधार असतो, हे उदारमतवादाचे जुने सूत्र मराठी खेड्यात इतक्या साधेपणाने क्वचितच पोहोचले असेल.

दिल्लीच्या राजकारणाने जोशींना दोनदा जवळ केले. विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या सरकारने १९९० मध्ये त्यांना कृषी सल्लागार समितीचे अध्यक्षपद मंत्र्याच्या दर्जासह दिले, आणि वाजपेयींच्या काळात ते कृषी कार्यगटाचे प्रमुख झाले. आपण मते मागायला आलो तर जोडे मारा, असे सुरुवातीच्या सभांमधून सांगणाऱ्या नेत्याला ही पदे आणि नंतरच्या निवडणुका विरोधकांनी सतत ऐकवल्या, आणि ते ऐकवणे अगदीच अनाठायी नव्हते.

खरी कसोटी आली ती डंकेल प्रस्तावाच्या वेळी. ‘गॅट’ या जागतिक व्यापारविषयक कराराच्या उरुग्वे फेरीत, म्हणजे १९८६ पासून चाललेल्या वाटाघाटींत, त्या संस्थेचे महासंचालक आर्थर डंकेल यांनी डिसेंबर १९९१ मध्ये एक मसुदा पुढे ठेवला. शेतीवरचे अनुदान कमी करावे, आयात-निर्यातीचे अडसर उतरवावेत आणि बियाण्यांच्या वाणांना बौद्धिक संपदेचे संरक्षण द्यावे, असे त्यात होते. देशभरातल्या डाव्या पक्षांनी, स्वदेशीवाद्यांनी आणि बहुतेक शेतकरी संघटनांनी त्याला गुलामीचा दस्तऐवज ठरवले. कर्नाटकात नंजुंडस्वामींच्या रयत संघाने १९९२ च्या डिसेंबरात बंगळूरला कारगिल कंपनीचे बियाणे-कार्यालय उद्ध्वस्त केले. उत्तर प्रदेशातील शेतकरी नेते महेंद्रसिंह टिकैत यांच्याशी तर जोशींचे २ ऑक्टोबर १९८९ च्या दिल्लीतील मेळाव्यातच फाटले होते. अशा वेळी जोशींनी प्रस्तावाच्या बाजूने उभे राहण्याचे ठरवले. त्यांचा युक्तिवाद सरळ होता: भारतीय शेतकऱ्याला अनुदान मिळतच नाही, उलट पाडलेल्या भावातून त्याच्याकडून काढून घेतले जाते, ज्याला ते ‘उणे सबसिडी’ म्हणत, आणि भारत सरकारने वाटाघाटींसाठी केलेल्या हिशेबातही शेतमालाला मिळणारा आधार उणेच निघाला. तेव्हा अनुदानावर मर्यादा घालणाऱ्या करारात गमावण्यासारखे युरोप-अमेरिकेच्या शेतकऱ्याकडे आहे, आपल्याकडे नाही, असे ते सांगत.

१९९१ च्या नोव्हेंबरात शेगावच्या मेळाव्यात त्यांनी ‘चतुरंग शेती’ मांडली होती. सीताशेतीत रसायनांवर अवलंबून न राहता देशी ज्ञानाने घरापुरते पिकवायचे, माजघर शेतीत पिकलेल्या मालावर घरीच प्रक्रिया करायची, व्यापार शेतीत तो संघटितपणे विकायचा आणि निर्यात शेतीत परदेशी न्यायचा, असे तिचे चार भाग होते. मोर्च्यांची चटक लागलेल्या कार्यकर्त्यांना हा बदल मानवला नाही. रास्ता रोकोत शत्रू समोर दिसत असे. आता नेता सांगत होता की सरकारकडे काही मागूच नका, वाट मोकळी मागा. डाव्या विचारातून आलेले अनेक सहकारी या काळात दूर झाले, वृत्तपत्रांनी भांडवलदारांचा हस्तक म्हणून संभावना केली, आणि गर्दी ओसरली.

१९९४ मध्ये जोशींनी स्वतंत्र भारत पक्ष काढला. नावातला संदर्भ जाणीवपूर्वक होता. राजाजींनी आणि मिनू मसानींनी १९५९ मध्ये, नागपूर काँग्रेसने सहकारी शेतीचा ठराव केल्यानंतर, स्वतंत्र पक्ष स्थापन केला होता. ‘परमिट-लायसन्स राज’ हा शब्दप्रयोग राजाजींचाच. तो पक्ष १९६७ मध्ये लोकसभेत ४४ जागांपर्यंत गेला आणि १९७४ मध्ये विसर्जित झाला. वीस वर्षांनी त्याचा वारसा संस्थानिक किंवा उद्योगपतींऐवजी कोरडवाहू शेतकऱ्यांच्या संघटनेने उचलावा, ही भारतीय उदारमतवादाच्या इतिहासातली विलक्षण घटना आहे. मतपेटीत मात्र तिला फळ आले नाही. पक्षाचे मोजकेच आमदार निवडून आले, आणि पुढे भाजप-शिवसेनेशी केलेल्या सोयरिकीमुळे उरलेली संघटनाही चिरफाळली. राजू शेट्टी यांनी २००४ च्या सुमारास स्वाभिमानी शेतकरी संघटना वेगळी काढली ती याच वादातून. एकट्याने तत्त्व सांभाळणे आणि पक्ष सांभाळणे यांत जोशींना पहिलेच जमले.

त्याच २००४ मध्ये ते त्या युतीच्या पाठिंब्याने महाराष्ट्रातून राज्यसभेवर गेले. तेथे त्यांनी एका विचित्र अटीवर बोट ठेवले. १९८९ पासून लागू झालेल्या, लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या २९-अ या कलमानुसार नोंदणी मागणाऱ्या प्रत्येक पक्षाला समाजवादावर निष्ठा असल्याचे लिहून द्यावे लागते. म्हणजे समाजवादाला विरोध करण्यासाठीच निघालेल्या पक्षाला खोटे प्रतिज्ञापत्र करूनच निवडणूक लढवता येते. ही अट काढण्यासाठी त्यांनी खासगी विधेयक आणले. ते मंजूर झाले नाही आणि ती अट आजही कायद्यात आहे.

९ मार्च २०१० रोजी राज्यसभेत महिला आरक्षण विधेयक मतास आले. विरोध करणारे इतर सदस्य गोंधळ घालून किंवा सभात्याग करून मोकळे झाले, मतदान झाले आणि आकडा निघाला: बाजूने १८६, विरोधात १. ते एक मत चांदवडचे अधिवेशन भरवणाऱ्या आणि लक्ष्मीमुक्ती सुरू करणाऱ्या माणसाचे होते. राखीव मतदारसंघ दर निवडणुकीला फिरते ठेवले तर प्रतिनिधीचा मतदारांशी संबंध तुटतो, आणि स्त्रीचे बळ कायद्याने वाटलेल्या जागेतून न येता तिच्या हातातल्या मालमत्तेतून आणि संघटनेतून येते, असे त्यांचे म्हणणे होते. ते चुकीचे होते असे आज अनेकांना वाटते, आणि पंचायतींमधल्या आरक्षणाचा अनुभव त्यांच्या बाजूचा नाही. पण सभागृहाचा कल स्पष्ट दिसत असताना त्यांनी सभात्यागाची सोयीची वाट घेतली नाही.

कायद्याच्या पुस्तकात या चळवळीचा ठसा मर्यादित पण खरा आहे. झोनबंदी गेली, कापसाची एकाधिकार खरेदी मोडली. २००१ मध्ये गुजरातेत विनापरवाना, जनुकबदल केलेला बीटी कापूस उभा असल्याचे उघडकीस आल्यावर तो जाळण्याचा आदेश निघाला, तेव्हा जोशी शेतकऱ्यांच्या बाजूने उभे राहिले आणि २६ मार्च २००२ रोजी सरकारने बीटी कापसाला मान्यता दिली. बाजारस्वातंत्र्यासोबत तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य हा संघटनेचा दुसरा खांब बनला, आणि जोशींचे १२ डिसेंबर २०१५ रोजी पुण्यात निधन झाल्यानंतरही, २०१९ च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यातील अकोली जहागीर येथे बंदी असलेले कापसाचे बियाणे जाहीरपणे पेरून शेतकऱ्यांनी तंत्रज्ञान-स्वातंत्र्याच्या नावाने सत्याग्रह केला. शेतमालाचा बाजार मोकळा करू पाहणाऱ्या २०२० च्या कृषी कायद्यांवरून पंजाब-हरियाणाचे शेतकरी दिल्लीच्या सीमेवर बसले असताना, सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीत संघटनेचे अनिल घनवट होते आणि कायदे दुरुस्त करून ठेवावेत अशा मताचे होते. नोव्हेंबर २०२१ मध्ये सरकारने कायदे मागे घेतले.

जमिनीचा प्रश्न याहून अवघड निघाला. मालमत्तेचा हक्क १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मूलभूत हक्कांच्या यादीतून गेला होता, नेमक्या त्याच वर्षी जेव्हा चाकणला कांद्याचे पहिले आंदोलन झाले. आणि चाकणच्या माळरानावर मोटारींचे कारखाने, माणच्या शिवारात संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या राहिल्या तेव्हा भाव आणि अटी ठरवण्यात मूळ मालकाचा आवाज बाजारातल्या विक्रेत्याचा नव्हता, भरपाई मागणाऱ्याचा होता. गुंठ्याच्या हिशेबाने काही घरांत पैसा आला, काहींत तो दोन वर्षांत गाडीबंगल्यात विरला. या पट्ट्यात संघटनेचे बळ मुळात कांदा पिकवणाऱ्यांचे होते, आणि कांद्याचे वावरच कमी होत गेले.

कांदा मात्र गेला नाही, आणि त्यावर पुन्हापुन्हा येणारी निर्यातबंदीही. १४ सप्टेंबर २०२० रोजी निर्यात बंद झाली, काही महिन्यांनी उघडली. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क बसले आणि ८ डिसेंबरपासून पुन्हा पूर्ण बंदी आली. ती उठली ४ मे २०२४ रोजी, टनाला किमान ५५० डॉलरच्या अटीवर आणि शुल्क कायम ठेवून. तोवर कांदा साठवायची चाळ नसलेल्या शेतकऱ्याचा उन्हाळी कांदा लिलावात निघून गेला होता आणि त्याची पट्टी झाली होती.